जुन्या कूलरचे पाइप बदला : घरच्या घरी, अर्ध्या तासात
(नवशिक्यांसाठी, वऱ्हाड आवृत्ती)

हे मार्गदर्शन कोणासाठी

ज्यांच्याकडे शोरूममधला प्लास्टिकचा, चाकांवर फिरणारा कूलर आहे, त्यांनी पुढे वाचण्याचे कारण नाही. त्यांच्याकडे वॉरंटी कार्ड असते आणि तक्रारीसाठी फोन नंबर असतो. आपले बोलणे चालले आहे ते पत्र्याच्या कूलरबद्दल. खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर उभा, तीन बाजूंना ताट्या, चौथ्या बाजूला अठरा इंची पंखा, खाली टाकी. तो कोणत्या कंपनीचा हे विचारू नये. तो गावातल्या कोणा वेल्डिंगवाल्याचा असतो आणि त्या वेल्डिंगवाल्याच्या जागी आता मोबाइलचे दुकान असते.

कूलर मात्र चालतो. त्याचा पंखा एकदा बदललेला असतो, मोटर दोन-तीनदा, ताट्या दरवर्षी. टाकीचा तळ डांबर फासून वाचवलेला असतो. एकच वस्तू कोणी बदलत नाही, ती म्हणजे पाइप. टाकीतले पाणी वर ताट्यांपर्यंत नेणारा हा गृहस्थ फुटेपर्यंत कोणाला आठवत नाही. आणि तो फुटतो नवतप्यातच.

शीर्षकात अर्धा तास म्हटले आहे, तो प्रत्यक्ष पाइप बदलण्याचा वेळ. पाइपापर्यंत पोहोचण्याचा आणि तिथून परत येण्याचा वेळ त्यात धरलेला नाही. आकृत्या दिलेल्या नाहीत, कारण पत्र्याचे कोणतेही दोन कूलर सारखे नसतात. एकाच वेल्डिंगवाल्याने एकाच दिवशी केलेलेसुद्धा.

थोडे शास्त्र

(हा भाग गाळला तरी पाइप बदलता येतो. मुंबईच्या पाहुण्यांपुढे बोलायला मात्र उपयोगी पडतो.)

एक लिटर पाणी वाफ होऊन उडाले, की जाताना हवेतली सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते. विजेच्या भाषेत हे दोन-तृतीयांश युनिट झाले. कूलरचा सगळा कारभार एवढ्यावर चालतो. हवा जितकी कोरडी, तितके पाणी झपाट्याने उडते. अकोल्यात मे महिन्याच्या दुपारी पारा ४४ वर असेल आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर २३ अंशांच्या आसपास थांबतो. ताट्या नीट भिजलेल्या असतील, तर खिडकीतून आत येणारी हवा २७-२८ अंशांची असते. बाहेर आणि आत यांत सोळा अंशांचा फरक, आणि त्यासाठी लागते ती एक पंख्याची मोटर आणि एक पाण्याची. हाच कूलर मुंबईत नेला, तर तिथल्या दमट हवेत तो खोलीत फक्त वाफारा सोडतो. म्हणून मुंबईच्या पाहुण्याला कूलरची थट्टा सुचते. त्याला चूक म्हणू नये. दुपारी दोन वाजता गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला पाठवावे.

या हिशेबात ‘ताट्या नीट भिजलेल्या असतील तर’ हे शब्द आले आहेत, तिकडे लक्ष द्यावे. ताटीचा जेवढा भाग कोरडा राहतो, तेवढ्या भागातून बाहेरची झळ जशीच्या तशी आत येते. पंखा तिला आणखी जोराने आत ओढतो. २०२४ च्या मे महिन्याअखेर उष्णतेमुळे अकोला जिल्ह्यात १४४ कलम लावावे लागले होते. पाच माणसांनी एकत्र जमू नये, असा त्या कलमाचा तेव्हा लोकांना ठाऊक असलेला अर्थ होता. भर दुपारी पाच माणसे एकत्र आणायची, तर आधी ती शोधावी लागली असती. अशा दिवसांत घरातल्या माणसांचे बरे-वाईट अर्धा इंची पाइपावर अवलंबून असते, आणि संपूर्ण कूलरमध्ये त्याच्याइतका स्वस्त भाग दुसरा नाही.

मुहूर्त

उत्तम मुहूर्त होळी ते गुढीपाडवा. या काळात हार्डवेअरच्या दुकानात गर्दी नसते, ताट्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला नुकते लागत असतात आणि मिस्त्री फोन उचलतो. मध्यम मुहूर्त हनुमान जयंतीपर्यंत. त्यानंतरचा सगळा काळ निषिद्ध असून बहुतेक पाइप त्याच काळात बदलले जातात.

मे महिन्यात मिस्त्रीला फोन केला, तर तो म्हणतो, “हाव भाऊ, येतो नं. सकाळीच येतो.” कोणत्या सकाळी, हे विचारलेले त्याला आवडत नाही. हे मार्गदर्शन लिहिण्याची गरज त्यातूनच उद्भवली आहे.

साहित्य

१. पाइप. (किती आणि कोणता, ते पायरी ४ मध्ये. आधी आणून ठेवू नये.)
२. स्क्रूच्या होज क्लिपा. लागतील त्यापेक्षा दोन जास्त. एक घरंगळत नालीत जाते, दुसरीचे आटे गेलेले निघतात.
३. धारदार ब्लेड किंवा कटर.
४. पेचकस आणि पक्कड.
५. एक पातेले गरम पाणी. चहाचे पातेले मागू नये, मिळत नाही.
६. लिंबूसत आणि जुना टूथब्रश.
७. मोडक्या छत्रीची एक काडी. पन्हळीची भोके मोकळी करायला हिच्यासारखे अवजार अजून कोणत्या कारखान्यात निघालेले नाही.

एम-सील मुद्दाम यादीत घेतलेले नाही. ते हाताशी असले की माणूस पाइप बदलत नाही.

पायरी १ : वीज

या पायरीत थट्टा नाही. पत्र्याची टाकी, तिच्यात पाणी, पाण्यात बुडालेली विजेची मोटर आणि खाली ओली फरशी, असा हा मामला आहे. कूलरचा शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. त्यांत लहान मुले असतात, पाणी भरायला गेलेल्या बायका असतात. तेव्हा बटण बंद करून थांबू नये. पिन सॉकेटमधून उपसून काढावी आणि दिसेल अशी बाहेर लोंबती ठेवावी, म्हणजे घरातले कोणी मोबाइल चार्ज करायला आले तरी चुकून कूलर सुरू करणार नाही. पायात रबरी चप्पल हवी.

पिन तीन पायांची आहे की तिचा वरचा पाय कोणी मोडून टाकला आहे, तेही आत्ताच पाहावे. अर्थिंगची तार कूलरच्या पत्र्याला खरोखर जोडलेली हवी. उन्हाळ्यात जमीन वाळते, तसे अर्थिंग कमजोर होते. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतण्याची जुन्या लोकांची रीत चुकीची नव्हती. घराच्या मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला नसेल, तर पाइप राहू द्यावा आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे. मोटर चालू असताना टाकीत हात घालू नये. ‘आमच्याकडे कधी करंट लागला नाही’ हा पुरावा नव्हे.

पायरी २ : पाइपापर्यंत पोहोचणे

आता एका बाजूची ताटी काढायची. ताटीची चौकट चार स्क्रूंवर असते. त्यांपैकी दोन गंजून पत्र्याशी एकजीव झालेले असतात आणि दोन कधीच नव्हते. चौकट हलकेच उचलून बाहेर ओढावी. एकदम ओढली, तर मागच्या वर्षीचे सगळे गवत अंगावर येते.

आत हात घालण्याआधी वाकून पाहावे. वर्षभर बंद असलेल्या कूलरमध्ये गांधीलमाश्यांचे पोळे असू शकते. पारव्याने घरटे केलेले असू शकते, आणि त्यात पिल्ले असतील तर काम तीन आठवडे पुढे ढकलून शेजाऱ्याच्या कूलरच्या हवेत जाऊन बसावे. टाकीच्या तळाशी गाळ असतो. गाळात मागच्या उन्हाळ्यात हरवलेला एक चमचा आणि शटलकॉकचे बूड सापडते.

मग दृष्टीस पडतो तो पाइप. मोटरच्या तोंडाजवळचा जोड नीट निरखून पाहावा. सर्वांत वर इन्सुलेशन टेप असते, उन्हाने चिकट होऊन ओघळलेली. ती सोलली की खाली सायकलच्या ट्यूबची पट्टी निघते, गाठ मारून ओढून बांधलेली. पट्टीखाली बाइंडिंगच्या तारेचे पाच-सहा वेढे, पक्कडीने पिळलेले, गंजून लाल झालेले. तारेखाली एम-सीलचा गोळा, आणि त्यावर दाबणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटलेला. सगळ्यांच्या तळाशी पाइप आहे आणि तो तिथेच चिरलेला आहे. प्रत्येक थर वेगळ्या मे महिन्यातला. प्रत्येक वेळी ‘आत्तापुरते करून घेऊ, पावसाळ्यात निवांत बदलू’ असे ठरले होते. पावसाळ्यात कूलर कोणाला आठवतो?

या टप्प्यावर घरातले ज्येष्ठ गृहस्थ खुर्ची घेऊन येतात आणि विचारतात, “काहून बदलून राहिला बे? चांगला त चालू होता.” उत्तर देऊ नये. अंगठ्याचा ठसा त्यांचाच असतो.

पायरी ३ : पाइपाचे वय ओळखणे

कूलरचा पाइप रबराचा नसतो, पीव्हीसीचा असतो. पीव्हीसी मुळात कडक. त्यात प्लास्टिसायझर नावाचे तेलकट द्रव्य मिसळले की ते मऊ आणि वाकते होते. ऊन आणि उष्णता लागून हे द्रव्य हळूहळू पाइपातून निघून जाते, आणि पाइप पुन्हा आपल्या मूळ कडक स्वभावावर येतो. म्हणून तो नेहमी जोडाशी आणि वळणाशी फुटतो, कारण तिथे त्याला वाकून राहावे लागते.

ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. पारदर्शक पाइप आधी पिवळा पडतो, मग चहाच्या रंगाचा होतो. दुमडून पाहिल्यावर घडीवर पांढरी रेघ उमटली, तर त्याचे दिवस भरले. नखाने दाबल्यावर नख उमटत नसेल, तर ते आधीच भरले होते.

आतली परीक्षा वेगळी. पारदर्शक पाइपात उजेड शिरतो, म्हणून आत हिरवे शेवाळ धरते. शेवाळाखाली पांढरा थर असतो, आणि वऱ्हाडात हा थर फार लवकर जमतो. पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या ३ जिल्ह्यांत पसरला आहे. दर्यापूरकडे किंवा अकोटकडे बोअरचे पाणी तोंडात धरवत नाही, कूलरला मात्र तेच मिळते. कूलरमध्ये पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. टाकीत पुन्हा पाणी भरले, की पुन्हा क्षार येतात, आणि जायला त्यांना वाटच नसते. महिन्याभरात टाकीतले पाणी बोअरपेक्षा कितीतरी खारट झालेले असते. जुना पाइप आडवा कापून पाहिला, तर बाहेरून अर्ध्या इंचाचा दिसणारा मार्ग आतून पेन्सिलीएवढा उरलेला असतो. मोटर कमजोर झाली म्हणून जी बदलली होती, ती जुनी बिचारी ठणठणीत होती, हे या क्षणी कळते.

पायरी ४ : बाजार

जुन्या पाइपाचा वीतभर तुकडा आणि मोटर दोन्ही (सोडवण्याची रीत पायरी ५ मध्ये) पिशवीत घालून न्यावे. करंगळी दाखवून माप सांगू नये. तुकडा नेला नाही, तर दुकानात पुढीलप्रमाणे होते :

“भाऊ, कूलरचा पाइप पाहिजे.”
“कोनता देऊ काकाजी? अर्धा का पाऊन?”
“अर्धा.”
“आतून अर्धा, का बाहेरून?”
“…”
“मोटर आनली का संगं?”
“नाही.”
“मंग अंदाजानंच घेऊन जा. नाई बसला त वापस आना.”

अंदाजाने नेलेला पाइप बसत नाही, आणि परत आणलेला पाइप “कापून देल्ला काकाजी, आता कसा वापस घेऊ?” या कारणाने परत घेतला जात नाही. अमरावतीच्या इतवारा बाजारात आणि अकोल्याच्या टिळक रोडवर या बाबतीत एकमत आहे.

लक्षात ठेवायचे ते एवढेच : मऊ पाइपाचे माप आतल्या व्यासाचे असते. अर्धा इंच म्हणजे आतून सुमारे साडेबारा मिलिमीटर. पण स्वस्त मोटरींच्या तोंडाला अर्धा इंच म्हणजे नेमके किती, याविषयी कारखानदारांत मतभेद आहेत. म्हणून मोटर सोबत न्यायची आणि दुकानातच बसवून पाहायची.

पारदर्शक की काळा? पारदर्शक पाइपात पाणी वर चढताना दिसते. ते पाहण्यात सुख आहे, पण शेवाळालाही तेच सुख हवे असते. काळा पाइप उजेड आत येऊ देत नाही आणि उन्हातही जास्त टिकतो. आतून जाळी असलेला पाइप सहसा दबत नाही, फक्त त्याला वळवताना जागा जास्त लागते. स्वयंपाकाच्या गॅसची केशरी सुरक्षा नळी घरात पडून आहे म्हणून ती कूलरला लावू नये. तिच्यावर मुदत छापलेली असते, पाच वर्षांची, आणि ती संपली की तिला निवृत्त करायचे असते. कूलरच्या पाइपावर मुदत छापत नाहीत, म्हणून आपण त्याला अमर समजतो.

लांबी मोजताना मोटरीपासून वरच्या जोडापर्यंतचे सरळ अंतर मोजू नये. पाइप वळणाने जातो. त्या वळणाचे धरून वर आणखी हातभर घ्यावा.

पायरी ५ : जुना काढणे

नवशिका इथे पाइप दोन्ही हातांनी धरतो, पाय कूलरला लावतो आणि ओढतो. कडक झालेला पाइप येत नाही. येते ते मोटरचे प्लास्टिकचे तोंड. मग नवी मोटर, म्हणजे पुन्हा पायरी ४.

योग्य रीत अशी : पाइप जोडापासून चार बोटे अंतरावर आडवा कापून टाकावा. मग जोडावर राहिलेल्या तुकड्याला ब्लेडने लांबीच्या बाजूने उभी चीर द्यावी. ब्लेड तोंडाच्या प्लास्टिकपर्यंत जाऊ देऊ नये, तिथे रेघ पडली तर पुढे तिथूनच पाणी झिरपते. चीर पडली की गरम पाण्यात बुडवलेले फडके दोन मिनिटे गुंडाळावे. तुकडा मऊ होतो आणि केळ्याच्या सालीसारखा उलगडतो. समुद्रावरच्या जुन्या शिडाच्या होड्यांतले पाइपसुद्धा असेच काढतात. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब आहे, पण चिकटलेल्या पाइपाचा हट्ट किनाऱ्यावर आणि वऱ्हाडात सारखाच.

पायरी ६ : ‘आता उघडलंच आहे तर’

ही पायरी कोणत्याही पुस्तकात नाही. काम मात्र बहुतेकांचे इथेच अडते.

पाइप निघाला. आता वरची जोडणी दिसते : एक तोंड आत, तीन तोंडे बाहेर, प्रत्येक ताटीला एक बारीक नळी. त्या तीन नळ्याही त्याच वयाच्या. आता उघडलंच आहे तर त्याही बदलाव्या. नळ्या ज्या पन्हळीत पाणी सोडतात, तिची निम्मी भोके क्षारांनी बुजली आहेत. ती छत्रीच्या काडीने मोकळी करावी. पन्हळ हलवली तर तिचा कोपरा हातात येतो. टाकीत नळाचे पाणी आपोआप बंद करणारा फ्लोट आहे, त्याची गोळी पाण्याने भरून बुडाली आहे. टाकी कोरडी आहेच, तर डांबर मारून घ्यावे. डांबर मारायचे, तर आधी गंज खरवडावा लागतो. गंज खरवडताना पत्र्यातून पलीकडचा उजेड दिसतो.

इथे थांबावे. जुन्या वस्तूचा एक भाग काढला, की बाकीचे सगळे भाग रांगेत उभे राहून आपापले अर्ज पुढे करतात. सगळे मंजूर केले, तर संध्याकाळपर्यंत कूलरचे सुटे भाग अंगणात आणि घरातली माणसे गच्चीवर, अशी वाटणी होते. अर्जांची छाननी एकाच कसोटीवर करावी : याच्यामुळे पाणी ताटीपर्यंत पोहोचायचे थांबते का? थांबत असेल, तर आज. नसेल, तर पुढच्या होळीला. या कसोटीवर बारीक नळ्या, पन्हळीची भोके आणि मोटरची जाळी उत्तीर्ण होतात. रंग, घोडीचा गंज आणि ‘त्यापेक्षा नवीन घेऊन टाका ना’ ही सूचना अनुत्तीर्ण होते.

लिंबूसताचा उपयोग इथे. कोमट पाण्यात दोन चमचे घालून मोटरचे तोंड आणि जाळी तासभर भिजत ठेवावी. चुन्याचा पांढरा थर फसफसून सुटतो. मग टूथब्रश. साधे मीठ असेल, तर ते नुसत्या पाण्यानेही जाते.

पायरी ७ : नवा बसवणे

पाइपाचे टोक सरळ, काटकोनात कापावे. तिरपे कापले, तर क्लिपखाली एका बाजूला पाइप असतो आणि दुसऱ्या बाजूला आशा. टोक गरम पाण्यात मिनिटभर बुडवावे, पुसावे आणि लगेच जोडावर दाबत न्यावे. बसत नसेल, तर साबणाचे पाणी लावावे. तेल किंवा ग्रीस लावू नये, क्लिप आवळली तरी पाइप निसटतो. थंड झाल्यावर पाइप आकसून जोड धरून बसतो. क्लिप मात्र त्याआधी पाइपात ओवलेली हवी. ती ओवायला विसरण्याची मुभा नवशिक्याला एकदा आहे.

ही स्क्रूची क्लिप १९२१ साली लम्ली रॉबिन्सन नावाच्या इंग्रज आरमारी कमांडरने पेटंट घेऊन बाजारात आणली. शंभर वर्षांत तिच्यात सुधारणा करावी असे कोणाला फारसे वाटले नाही. होडीवर, जिथे पाइप सुटला तर होडी बुडते, तिथे एका जोडावर दोन क्लिपा लावतात. आपला कूलर बुडत नाही, खालच्या मजल्यावरचे लोक भिजतात. एक पुरे. ती पाइप जागचा हलणार नाही इतकी आवळावी आणि तिथे थांबावे. ताकद दाखवायला आणखी दोन फेरे दिले, तर पट्टी मऊ पाइपात रुतून त्याला कापते, आणि पुढच्या मे महिन्यात तिथेच सायकलची ट्यूब बांधावी लागते.

पाइप वर नेताना त्याला सैल, गोल वळण द्यावे. कोपऱ्यात दाबून बसवला, की त्यात घडी पडते आणि पाणी थांबते. जिथे पत्र्याची कड लागते, तिथे जुन्या पाइपाचा चिरलेला तुकडा वरून घालावा. जुना पाइप सगळा फेकायचा नसतो, तो यासाठी.

पायरी ८ : पाणी

चाचणीसाठी पाणी हवे. अकोल्याचे पाणी महानच्या काटेपूर्णा धरणातून येते, अमरावतीचे सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणातून. धरणात पाणी असणे आणि नळाला येणे, या दोन वेगळ्या घटना आहेत. नळ रोज येत नाही. म्हणून पाइप बदलण्याचा दिवस कॅलेंडर पाहून ठरवू नये, नळाचा वार पाहून ठरवावा. ज्या दिवशी टिल्लू पंप लावून सगळी गल्ली पाणी ओढत असते, त्या दिवशी आपल्या वाट्याला आलेल्या पहिल्या दोन बादल्या चाचणीसाठी मागून घ्याव्यात.

नळाचे पाणी आणि बोअरचे पाणी यांत निवड करता आली, तर कूलरला नळाचे द्यावे. येत नसेल, तर बोअरचे द्यावे आणि आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करावी. साचलेले क्षार बाहेर जातात, आणि डेंग्यूचा डासही वाढत नाही, कारण अंड्यापासून उडता डास व्हायला त्याला आठवडाभर तरी लागतो. काढलेले पाणी अंगणातल्या झाडांना घालू नये. मोगरा पंधरा दिवसांत राग धरतो.

पायरी ९ : चाचणी

मोटर पाण्यात पूर्ण बुडाली आहे ना, हे पाहून ताटी जागेवर लावावी, हात पुसावे आणि मग पिन लावावी. आधी फक्त मोटर, पंखा नंतर. पाणी वर चढते, जोडाशी क्षणभर अडते आणि तीन वाटांनी निघते. एक ताटी वरपासून खालपर्यंत भिजते, दुसरी अर्धी, तिसरी कोरडी ठणठणीत. घाबरू नये. कूलर तिरपा उभा आहे. घोडीच्या एका पायाखाली फरशीचा तुकडा सरकवून पुन्हा पाहावे. मग कोरड्या बाजूचाच पाय आणखी उंच झाला असे कळेल आणि तुकडा दुसऱ्या पायाखाली जाईल. तिन्ही ताट्या सारख्या काळपट ओल्या झाल्या, की पंखा लावावा.

पहिली दहा मिनिटे खोलीत ओल्या गवताचा वास येतो. या वासाला गिऱ्हाईक फार. घरातली सगळी माणसे कूलरच्या तोंडासमोर येऊन बसतात आणि मागून कोणीतरी ओरडते, “बाजूला व्हा नं, हवा अडवून राहिले!” चाचणी यशस्वी झाली असे समजावे.

शंकासमाधान

*पाणी सुटतेय, पण थेंब-थेंबच. का?*
पाइपात हवा अडकली असेल. मोटर बंद करून, पिन काढून, पाइपाचे वरचे टोक सोडावे आणि पुन्हा लावावे. तरीही थेंबच पडत असतील, तर पाइपाला कुठेतरी घडी पडली आहे.

*कूलर लावला तरी खोली चिकट होते.*
खिडकी-दार बंद करून बसला असाल. कूलरला आत येणारी हवा बाहेर जायला वाट लागते. समोरच्या बाजूचे दार बोटभर उघडे ठेवावे. जुलैत मात्र उघडूनही उपयोग नाही, तेव्हा हवाच ओली असते.

*एवढा खटाटोप करण्यापेक्षा एसी घ्यावा का?*
ऐपत असेल तर घ्यावा. दीड टनाचा एसी चालताना दीड हजार वॉटच्या आसपास वीज ओढतो, कूलर दोनशेच्या आसपास. लाइट गेली की इन्व्हर्टरवर कूलर निभावून नेता येतो. शिवाय एसी बिघडला तर तो उघडायचे धाडस कोणी करत नाही, त्यामुळे अशा मार्गदर्शनाची गरज उरत नाही.

*मिस्त्री म्हणाला, हे पाइप पाच वर्षे चालतात.*
दुकानदारही तेच म्हणतो. उन्हाचे म्हणणे वेगळे आहे, आणि खारे पाणी चर्चेत भागच घेत नाही.

*मग पुन्हा कधी बदलायचा?*
आत्ताच, काम झाल्याझाल्या, कूलरच्या आतल्या पत्र्यावर खिळ्याने कोरून ठेवावे : ‘आतून अर्धा इंच, साडेचार फूट, मार्च’, आणि वर्ष. दर होळीला ताटी बदलताना पाइप एकदा दुमडून पाहावा. पांढरी रेघ उमटली, तर त्याच दिवशी दुकानात जावे. मिस्त्रीला फोन करायचा असेल तर तोही त्याच दिवशी, तेव्हा तो “येतो नं” म्हणतो आणि खरेच येतो.